कॅनो आणि कयाक घेऊन नदीकाठी दोन रात्री मुक्काम करायचा आहे. आखणी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौघं जण, एक दोघांची कॅनो (वरून उघडी नाव) आणि दोन कयाक (वरून बंद, एकट्याच्या अरुंद नावा). दिवसभराच्या फेऱ्या बऱ्याच झाल्यात, आता तीन दिवस आणि दोन रात्री नदीने जायचंय. रोज किती अंतर धरावं आणि सामान काय न्यावं?

अंतर आणि सामान या दोन्हींकडे येते, पण त्याआधी झोपणार कुठे ते ठरवा. दिवसाच्या फेरीत आपण किती वल्हवू शकतो यावर आखणी होते. मुक्कामाच्या सफरीत ती मुक्कामाच्या जागेवर होते. हात दुखायला लागले, उजेड कमी झाला आणि दोन्ही काठांना उभी दरड किंवा चिखल असला, तर ‘मघाशी एक बरी जागा दिसली होती’ याचा काही उपयोग नसतो. भरलेली नाव धारेविरुद्ध दोन किलोमीटर मागे नेता येत नाही.

म्हणून नकाशा उघडा आणि आधी दोन रात्रींच्या दोन जागा शोधा. प्रत्येक जागेच्या अलीकडे साधारण तासाभराच्या अंतरावर एक आणि पलीकडे एक अशी पर्यायी जागाही टिपून ठेवा. अलीकडची उशीर झाला तर, पलीकडची ठरलेल्या जागी आधीच कुणी असलं किंवा जागा वाईट निघाली तर. उपग्रहाच्या चित्रात जागा पाहत असाल तर ते चित्र कधीचं आहे हेही बघा. कमी पाण्याच्या दिवसांत काढलेल्या चित्रातला ऐसपैस वाळूचा पट्टा तुम्ही जाल तेव्हा कमरेभर पाण्याखाली असू शकतो. जमीन कुणाची आहे, तिथे राहायला परवानगी लागते का, हे निघण्याआधी विचारून घ्या.

आता अंतर. संथ पाण्यात भरलेली कॅनो सहज वल्हवली तर तासाला ४ ते ५ किलोमीटर जाते. थांबणं, पाणी पिणं, उथळ जागी उतरून नाव ओढणं हे सगळं धरलं की सरासरी ३ ते ४ वर येते. धार सेकंदाला अर्धा मीटर असेल तर तासाला १.८ किलोमीटर तीच देते, पण दुपारी समोरून वारा सुटला की तेवढं तो काढून घेतो. मी कागदावर ताशी ४ च धरते. पाण्यावर पाच तास म्हणजे २० किलोमीटर. पहिल्या दिवशी मात्र १२ च्या वर जाऊ नका. गाड्या लावणं आणि सामान भरणं यात अर्धी सकाळ जातेच, आणि भरलेली नाव हाताला वेगळी लागते, तिची सवय व्हायला वेळ जातो. अंतर नदीच्या वळणावळणाने मोजा. नकाशावर सरळ रेषेत १० किलोमीटर दिसणारा टप्पा नागमोडी नदीत सहज १५ किंवा त्याहून जास्त भरतो. नकाशावर दोरा वळणांवर ठेवून मोजायची जुनी पद्धत अजूनही उत्तम चालते. सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी नावा काठावर हव्यात.

मुक्कामाची जागा प्रत्यक्ष कशी निवडायची, ते मी एका रात्रीत शिकले. सफरीची दुसरी रात्र होती. वळणाच्या आतल्या बाजूला गोट्यांचा रुंद, सपाट पट्टा मिळाला. समोर एक उथळ खळाळ, पाणी गोट्यांवरून बडबडत चाललेलं. आम्ही तंबू पट्ट्याच्या मधोमध लावला, कारण तिथे सगळ्यात सपाट होतं. मागे, पट्टा आणि खरा काठ यांच्यामध्ये, एक सखल कोरडी चर होती. तिच्यात दोन-तीन डबकी होती. ती आम्ही बघितली, पण तिचा अर्थ लावला नाही. आभाळ निरभ्र होतं.

रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली ती शांततेमुळे. खळाळाचा आवाज बंद झाला होता. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण आपण माणसांना लावतो, पण नदीकाठी झोपणाऱ्याने ती शब्दशः घ्यावी: खळखळाट थांबला म्हणजे पाणी आता उथळ राहिलेलं नाही. बॅटरी मारली. संध्याकाळी पाण्याच्या कडेला मी एक काटकी रोवून ठेवली होती, ती दिसेना. मागे बघितलं तर ती कोरडी चर वाहत होती. पाऊस वरच्या डोंगरात कुठेतरी पडला होता, आमच्यावर थेंबही नव्हता. आम्ही गुडघाभर पाण्यातून चार खेपा करून सामान काठावर नेलं. एक कॅनो फक्त नाकाला बांधलेली होती. ती तरंगून धारेत आडवी वळली होती आणि दोर इतका ताणला होता की गाठ सुटेना. तासभर उशिरा जाग आली असती तर ती चर ओलांडता आली नसती.

तेव्हापासून जागेवर उतरले की तंबूची पिशवी उघडण्याआधी मी काठाने फिरते. झुडपांत अडकलेलं वाळकं गवत आणि काटक्यांची ओळ कुठवर आहे ते बघते, कारण मागचा पूर तिथवर आला होता. आपली जागा त्या ओळीच्या वर हवी. नुसते गोटे आणि स्वच्छ वाळू असलेली जागा अलीकडेच पाण्याखाली होती असं समजावं. जिथे झुडपं रुजून मोठी झालीत तिथे पाणी क्वचित येतं. मागे उंचावर चालत जायला कोरडी वाट आहे ना, की मध्ये चर आहे, हे बघायचंच. पाणी चढलं की अशी चर आधी भरते आणि तुमच्या पट्ट्याचं बेट होतं. वर धरण असेल तर पावसाचीही गरज नाही, विसर्ग वाढला की पाणी चढतं. विसर्गाच्या वेळा आधी माहीत करून घ्या. डोक्यावर वाळक्या फांद्या नकोत. काटकी मात्र रोज रोवा. झोपण्याआधी बघा आणि रात्री उठलात तर पुन्हा बघा.

नावा रात्री पाण्याच्या कडेला ठेवायच्या नाहीत. वर उचलून आणा, पालथ्या घाला, दोन्ही टोकांना झाडाला बांधा, वल्ही खाली सरकवा. रिकामी कॅनो वाऱ्याने पानासारखी उडते.

पाण्याच्या अवघडपणाबद्दल. नद्यांचे खळाळ १ (सगळ्यात सोपे) ते ६ (जवळजवळ अशक्य) अशा आंतरराष्ट्रीय श्रेणीत मोजतात. सामान भरलेल्या नावांनी पहिल्या मुक्कामी सफरीला श्रेणी १ चीच नदी घ्या, फार तर मध्ये एखादा सोपा श्रेणी २ चा टप्पा. पाणी १० अंशांपेक्षा थंड असेल किंवा मदत मिळणं अवघड अशा रानातून लांबची सफर असेल तर नदी एक श्रेणी वरची धरावी, असं ही श्रेणी ठरवणारेच सांगतात. श्रेणी पाण्याच्या पातळीबरोबर बदलते हेही लक्षात घ्या. धारेचा वेग दुप्पट झाला की अडकलेल्या नावेवरचा जोर चौपट होतो. निघण्याआधी आठवडाभर रोज पातळी किंवा विसर्ग बघा. आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय हे जास्त महत्त्वाचं. पाणी चढत असेल तर सफर पुढे ढकला. मी दोनदा ढकलली आहे, एकदा गाडीत सामान भरून झाल्यावर.

दोन गोष्टींना मी खरोखर घाबरते. एक, धारेत आडवं पडलेलं झाड. पाणी फांद्यांतून आरपार जातं, माणूस आणि नाव अडकून राहतात. अशी झाडं बहुतेक वळणाच्या बाहेरच्या काठाला सापडतात, कारण तिथे धार काठ पोखरते. वळण घेताना आतल्या बाजूने जा. पुढचं दिसत नसेल तर काठाला लागा, एकाने चालत जाऊन बघून यावं. दुसरी म्हणजे बुटके बंधारे. वरून बघताना पाण्यावर नुसती एक सरळ आडवी रेघ दिसते, पलीकडचं पाणी दिसतच नाही. खाली पडलेलं पाणी मागे बंधाऱ्याकडे वळत राहतं आणि त्यात सापडलेल्याला सोडत नाही, मग उंची मीटरभर का असेना. प्रत्येक बंधारा नकाशावर लाल करा, बराच वर काठाला लागा आणि नाव खांद्यावरून न्या. त्यासाठी दिवसात तासभर जास्त धरा.

कुणी पाण्यात पडलंच तर वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नये. पाय दगडांच्या फटीत अडकला तर धार माणसाला पुढे दाबते. पाठीवर तरंगायचं, पाय पुढे आणि वर, संथ पाण्याकडे सरकायचं. थंड पाण्यासाठी १-१०-१ हा ठोकताळा पाठ करा: पहिलं १ मिनिट श्वास आवरायचं, पुढची साधारण १० मिनिटं हातपाय उपयोगी पडतात, आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण १ तास. हा हिशेब लाइफ जॅकेट अंगात असेल तरच लागू होतो. ते नावेत नाही, अंगावर आणि बंद घालून हवं. शिटी जॅकेटलाच अडकवा.

सामानाची यादी तुम्हाला कुठेही मिळेल, म्हणून भरण्याबद्दलच सांगते. कयाकच्या सामानाच्या कप्प्यांची झाकणं बहुधा जेमतेम वीतभर रुंद असतात. साठ लिटरची मोठी ड्राय बॅग (पाणी आत न शिरणारी पिशवी) त्यातून जाणारच नाही, दहा लिटरच्या सहा लागतील. जड वस्तू तळाला आणि बसण्याच्या जागेजवळ, हलक्या टोकांकडे. कॅनोत दोघांच्या मधोमध. भरल्यावर नाव संथ पाण्यात सोडा, आत बसा आणि एकाला बाजूने बघायला सांगा: ती नाकावर झुकलीय का, एका कुशीवर आहे का? कॅनोची कड पाण्यापासून निदान १५ सेंटीमीटर वर हवी. ती नसेल तर सामान कमी करा. बॅगा आखूड दोराने बांधा. लोंबणारा लांब दोर नाव उलटल्यावर पायात गुंततो.

ड्राय बॅगेतली हवा दाबून काढा, तोंड किमान तीनदा गुंडाळा. झोपायची पिशवी आणि रात्रीच्या कपड्यांचा एक जोड दुहेरी बॅगेत घाला. तो जोड दिवसा कितीही भिजलात तरी बॅगेबाहेर काढायचा नाही. सकाळी थंडगार ओले कपडे पुन्हा अंगात घालताना जिवावर येतं, पण दुसऱ्या रात्री त्या कोरड्या जोडासारखं सुख नाही. प्रत्येक नावेत नाही तरी गटात एक जास्तीचं वल्हं हवंच.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला ३ ते ४ लिटर धरा, स्वयंपाकासह थोडं जास्त. नदीचं पाणी खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट उकळत ठेवा, २००० मीटरच्या वर ३ मिनिटं. गढूळ असेल तर उकळण्याआधी रात्रभर बादलीत निवळू द्या. शेतातली किंवा कारखान्यातली रसायनं उकळून जात नाहीत, त्यामुळे तशा भागात पाणी घरूनच न्या, आणि १ लिटर म्हणजे १ किलो हे वजनात धरा. शौचाला पाण्यापासून ६० मीटर तरी लांब, १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा. वाळूच्या पट्ट्यावर मात्र पुरू नका, पुढचा पूर ते उकरून नदीतच नेणार. बंद डब्यात भरून परत आणा. भांडी घासणं आणि साबण, दोन्ही नदीपासून लांब.

कॅनो आणि कयाक बरोबर असल्या की वेगाचा फरक पडतो. कयाक वाऱ्यात सहज पुढे निघतात, कॅनो मागे राहते. पुढे एक अनुभवी, शेवटी एक अनुभवी, आणि प्रत्येक नावेने मागची नाव नजरेत ठेवायची. मागची दिसेनाशी झाली की थांबायचं.

घरी राहणाऱ्या एका भरवशाच्या माणसाकडे लेखी कागद द्या: कुठून निघणार, दोन्ही मुक्काम, पर्यायी जागा, कुठे बाहेर पडणार, नावांचे रंग, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत मागायची. नकाशावर मधले पूल आणि रस्ते टिपा, मध्येच सफर सोडावी लागली तर तिथून निघता येईल. सफरीआधी एखाद्या संथ, कोमट पाण्यात भरलेली नाव मुद्दाम उलटवून बघा, आणि शक्य असेल तर एका रात्रीची छोटी सफर करा.

निघायच्या दिवशी आधी गाडी शेवटच्या ठिकाणी लावायला जाल, तेव्हा पाण्याच्या कडेपर्यंत उतरा आणि नदीच्या वरच्या अंगाला तोंड करून उभे राहा. रस्त्यावरून ओळखीची वाटणारी जागा पाण्यातून अजिबात ओळखू येत नाही. काठावरच्या एखाद्या फांदीला भडक रंगाचं फडकं बांधा, दोन वळणं वरून दिसेल असं. गाडीची किल्ली दोघांकडे ठेवा, ड्राय बॅगेत आतल्या बाजूला बांधून. आणि तिसऱ्या दिवशी नावा गाडीवर चढवून झाल्या की ते फडकं सोडून घ्या.