स्वतःला सगळ्यांपेक्षा वेगळा समजणाऱ्या दारुड्या भावावर उपचार होऊ शकतात का?

तुम्ही लिहिलंय, भाऊ रोज पितो, पण 'त्या बेवड्यांच्या गटात मी बसणार नाही' म्हणत दोनदा व्यसनमुक्ती केंद्रातून परत आला. उपचार होतात, वेळ लागतो.

'नार्सिसिस्ट', म्हणजे स्वतःलाच सर्वश्रेष्ठ मानण्याचा व्यक्तिमत्त्वविकार असलेला, हा शिक्का मात्र घाईने मारू नका. निदानाला ९ पैकी किमान ५ लक्षणं लागतात, तीही तरुणपणापासूनची. दारूच्या अमलातही माणूस बढाया मारतो, खोटं बोलतो. काही आठवडे दारू सुटल्यावर काय उरतं, ते पाहावं लागतं.

त्याचा अहंकार मोडायला जाऊ नका, हे कळकळीने सांगते. त्या ताठ्याखाली बऱ्याचदा लाज दडलेली असते. चारचौघांत पाणउतारा झाला की असा माणूस उपचार सोडतो, कधी जिवाचं बरंवाईटही करून घेतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली प्रेरणात्मक मुलाखतीची पद्धत इथे उपयोगी पडते: वाद न घालता, 'दारूमुळे तुमच्या हातून काय निसटतंय?' असं त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. आधी एकट्याचं समुपदेशन, गट नंतर. केंद्राचे नियम मात्र सगळ्यांना असतात तेच, खास सवलत नको.

आणि घरच्या घरी दारू अचानक बंद करू नका, फिट येऊ शकते. आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.