उदगीरच्या भाऊंसाठी: हॅट वाफेवर धरायच्या आधी एवढं वाचा

भाऊ, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच उडाली. हैदराबादच्या जुमेरात बाजारातून सहाशे रुपयांत राखाडी फेल्ट (लोकर किंवा केस दाबून केलेलं जाड कापड) हॅट घेतलीत, आतला कातडी पट्टा कडक होऊन एका बाजूला वळलाय, ब्रिम (भोवतीची रुंद कड) एकीकडं लोंबायलीय, रिबनच्या वर घामाचा डाग, कडेला दोन बारीक भोकं, आणि डोक्याला घट्ट होती म्हणून विचारलंत की "रविवारी इडलीपात्राच्या वाफेवर पालथी ठेवून नरम करतो आणि पातेल्यावर ताणून बसवतो, चालेल का?" नाही चालणार. अजिबात नाही. रविवारच्या आत तुमच्या नजरेस पडावं म्हणून दुकान उघडायच्या आधी घाईघाईत लिहायलोय, शुद्धलेखनाकडं बघू नका.

मी परभणीचा, आठ-नऊ वर्षांपासून जुन्या हॅटा गोळा करतो, सध्या घरात तेवीस आहेत (बायकोच्या हिशेबानं तेवीस जास्त आहेत). कारागीर नाही, कुठं शिकलो नाही, जे कळलं ते हॅटा खराब करून कळलं. त्यामुळं खालचं सगळं स्वतःच्या जबाबदारीवर. डोकं कसं मोजायचं, हॅट क्राऊनला (डोक्यावरच्या उंच भागाला) चिमटीत धरून उचलायची नाही, ठेवताना उलटी ठेवायची, हे तुम्हाला माहीत असेलच, त्यात वेळ घालवत नाही.

तर इडलीपात्र. अगदी हेच मी केलंय. नांदेडला एका भंगारवाल्याकडं जुन्या वाड्यातलं सामान आलं होतं, त्यात पत्र्याच्या ट्रंकेत तीन रुमी टोप्या आणि खाली एक तपकिरी फेल्ट हॅट. ती चारशेला घेतली, टोप्या सोडून दिल्या (ते दुःख वेगळंच). देवगिरी एक्सप्रेसनं परत येताना मांडीवरून खाली ठेवली नाही. घरी येऊन आतला पट्टा ओल्या बोटानं पुसला तर सोनेरी अक्षरं वर आली, बोर्सालिनो. म्हणजे इटलीतल्या आलेस्सांद्रिया गावची, 1857 पासूनची कंपनी. साईझ 7 1/4, म्हणजे 58 सेंटीमीटर, माझं डोकं बरोब्बर तेवढंच. आता याला नशीब म्हणायचं नाही तर काय. पट्टा वाळलेला होता पण अखंड होता, शिवण सगळी जागेवर, फेल्टला कसर लागलेली नव्हती. फक्त क्राऊन चेपला होता. नुसती हातानं सरळ करून कपाटावर ठेवली असती तरी आज ती माझ्या सगळ्यात भारी हॅटांमध्ये राहिली असती. पण मला त्याच रात्री घालून बघायची होती.

इडलीपात्रात पाणी उकळलं, वरचं झाकण काढलं आणि हॅट पालथी ठेवली, तोंड खाली. म्हणजे वाफ थेट आत. क्राऊन नरम व्हायच्या आधी आतून कुरकुर असा आवाज आला, मला वाटलं फेल्ट सैल व्हायलंय. उचलून आत बघितलं तर पट्टा निखाऱ्यावरच्या पापडासारखा आत वळत चालला होता, माझ्या डोळ्यादेखत. अक्षरं आक्रसून वाचता येईनात. अर्धा मिनिट म्हणा, पाऊण मिनिट म्हणा, त्याहून जास्त नाही. मी बावळटासारखा पट्टा बोटानं ताणायला गेलो तर तो मऊ, चिकट, रबरासारखा लागला, आणि गार झाल्यावर लाकूड. पट्टा शिवलेला असल्यामुळं त्यानं फेल्टलाही सोबत ओढलं, ब्रिम सगळीकडून लाटांसारखी झाली. टेप लावली, 55. तीन सेंटीमीटर गेले.

कारण नंतर कळलं. कातडं ओलं असताना तापलं की त्यातले तंतू एकदम आखडतात आणि ते पुन्हा कधीच सुटत नाहीत. झाडाच्या सालीनं कमावलेल्या कातड्याचं हे साधारण 70-80 अंशाला होतं, जुनं झिजलेलं असेल तर त्याच्याही आत. वाफ असते 100 ची. म्हणजे ती हॅट पात्रावर ठेवली तेव्हाच निकाल लागला होता. यूट्यूबवरचे लोक किटलीसमोर हॅट गरगर फिरवतात ना, त्यातल्या निम्म्यांनी पट्टा आधी बाहेर उलटवलेला असतो पण ते बोलून दाखवत नाहीत, आणि आपण बघून तसंच करायला जातो. माझा सगळा राग तिथं आहे.

वाफ द्यायचीच असेल तर पट्टा पूर्ण बाहेर उलटवा, त्यावर कोरडा टॉवेल गुंडाळा, आणि किटलीच्या तोंडापासून वीतभर लांबून फक्त जिथं चेपलंय तिथं, बाहेरच्या बाजूनं, दहा-पंधरा सेकंद. हातानं आकार द्या आणि गार होईपर्यंत तसंच धरून ठेवा. फेल्ट गरम असताना वळतं पण आकार पकडतं ते गार होताना, लोक नेमकं तेव्हाच सोडून देतात. ब्रिमला तर वाफेचीसुद्धा गरज नाही. सपाट टेबलावर ओलसर सुती फडकं टाकून मध्यम इस्त्री, फक्त कडेकडेनं, पट्ट्यापासून दूर, आणि वर वाळूची पुरचुंडी ठेवून गार होऊ द्या. पुरचुंडीला हसू नका, हॅटवाले कारागीर ब्रिम दाबायला वाळूची पिशवीच वापरत आलेत.

आता साईझ. तुमच्या हॅटवर 7 1/8 लिहिलंय म्हणता, म्हणजे ती बनली तेव्हा 57 होती. आत्ता किती आहे ते टेपनं मोजा, मला खात्रीनं वाटतं 56 च्या आसपास निघेल. कुणाच्या तरी गाडीच्या मागच्या काचेखाली एक उन्हाळा काढला असणार तिनं, आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच 42-43 असतं, बंद गाडीतलं तर विचारू नका. आत लिहिलेला साईझ हा हॅटचा जन्मदाखला आहे, आजची तब्येत नाही. इथून पुढं घेताना अर्धा-एक सेंटीमीटर मोठी घ्या, पट्ट्यामागं कागदाची घडी सरकवून मोठी हॅट बसवता येते, लहान मोठी करणं म्हणजे मारामारी. आणि पातेल्यावर तर मुळीच ताणू नका. पातेलं गोल असतं, डोकं लांबट. गोल झालेली हॅट कानावर सैल आणि कपाळाला काचते. मी आमच्या इथल्या सुतारमामांकडून आंब्याच्या लाकडाचा साचा करून घेतला, घेर बरोबर 58 सांगितला, त्यांनी भक्कम, सुंदर आणि एकदम गोल करून दिला. चूक माझी, मी घेर सांगितला, आकार नाही. आता त्यावर घरचे लोणच्याची बरणी ठेवतात.

पट्ट्याला खोबरेल तेल लावा असं तुमच्या पोस्टखाली एकानं तुम्हाला सांगितलंय. त्यांचा मान राखून सांगतो, नका लावू. तेल फेल्टमध्ये उतरतं, बाहेर काळा डाग पडतो आणि वर्षभरात खवट वास. चामड्याचं क्रीम मिळतं ते बोटावर अगदी थोडं घेऊन, तेही आधी एक कोपरा हलकेच वाकवून बघा. कोपरा वाकला तर क्रीम. मोडला, किंवा बोटाला लालसर भुकटी लागली, तर कातडं संपलंय, बदलायचंच. बदलायला मेंढीचं पातळ अस्तराचं कातडं चालतं, आणि नवीन पट्टा शिवताना सुई जुन्याच भोकांतून काढायची, नवी भोकं पाडत गेलात तर फेल्ट तिकिटासारखं फाटतं. अंगुस्तान घाला. मी घातलं नव्हतं.

घामाच्या डागाला शाम्पू नको, पाणीच नको. आधी कोरडा मऊ ब्रश, लवेच्या दिशेनं. मग मुलतानी माती, कोरडीच, डागावर दाबून रात्रभर, सकाळी झटकून ब्रश. लोकर दाबून फेल्ट करणारे कारागीर तेलकटपणा काढायला असलीच माती वापरायचे, हे काही माझं डोकं नाही. तुमची राखाडी आहे म्हणून सांगितलं, काळ्या हॅटवर केलंत तर महिनाभर पांढरी धूळ निघत राहते. एवढ्यानं गेला नाही तर पेट्रोल वॉशवाले वापरतात ते व्हाईट पेट्रोल, पण अंगणात, गॅसपासून लांब, आणि आधी रिबनच्या खाली लपलेल्या जागी थेंब टाकून रंग सुटतो का बघून. लॉन्ड्रीत मात्र देऊ नका. मी एक दिली होती, नाव घेत नाही, त्यांनी क्राऊनला घडी घालून इस्त्री मारली आणि प्लास्टिकच्या पिशवीत शर्टासारखी परत दिली. वर म्हणाले, "स्टार्च पण केलंय सर."

दोन भोकं म्हणजे कसर. भोकं भरायच्या मागं लागू नका, आधी किडा जिवंत आहे का बघा. पट्ट्याच्या मागं आणि रिबनच्या घडीत वाळूसारखे बारीक कण किंवा जाळं दिसलं तर हॅट प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये पंधरा दिवस, उणे 18 ला. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, घरातल्या तापमानाला आली की मग, नाहीतर आत दव धरतं. एका दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर माझा विश्वास नाही, त्यात आपल्याकडची लाईट. मी ओळखीच्या आईस्क्रीमवाल्याकडं ठेवतो, फॅमिली पॅकच्या खाली. काही झालं तरी बाकीच्या लोकरीच्या कपड्यांशेजारी ठेवू नका, माझ्या एका हॅटमुळं आजीची घोंगडी गेली. आणि घोंगडीवरून आठवलं, आईनं लोंबती ब्रिम बघून चिंचोक्याची खळ लाव म्हणून सुचवलं होतं, घोंगडीला लावतात तशी. हॅटला नको. हॅटचा ताठपणा बहुतेक वेळा लाखेचा, म्हणजे आपल्या चपड्याचा असतो, स्पिरिटमध्ये विरघळवून लावलेला. खळ लावली तर झुरळांचं जेवण होतं.

एक गोष्ट गंभीरपणे. जुन्या फर फेल्टसाठी सशाच्या, बीव्हरच्या केसांना पाऱ्याचं रसायन लावायचे, कारखान्यातल्या कामगारांचे हातपाय थरथरायचे, माणसं भ्रमिष्ट व्हायची. अमेरिकेत हे डिसेंबर 1941 मध्ये बंद केलं. मी डॉक्टर नाही आणि घाबरवतही नाही, पण वय माहीत नसलेली हॅट असेल तर ब्रश आणि वाफ बाहेर गच्चीवर, मास्क लावून, नंतर हात धुवून, आणि लहान पोरांना खेळायला द्यायची नाही. तुमची फरची आहे की लोकरीची हे फोटोवरून सांगता येत नाही. फर पातळ, रेशमासारखी लागते, दाबली की परत येते. लोकर जाड आणि खरखरीत, आणि पाणी-वाफेनं आखडते पण लवकर. धागा जाळून वास बघा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, दोन्ही केसच आहेत, दोन्हीचा वास सारखाच येणार.

बाहेरच्या देशातून मागवायचं विचारलंत. मी एकदा मागवली. वापरलेले कपडे आयात करणं आपल्याकडं रिस्ट्रिक्टेडमध्ये येतं हे मला पार्सल अडकल्यावर एका कार्यालयातून कळलं, तेही चौथ्या फोनला. पहिल्या तीन फोनला "हेल्मेट है क्या?" एवढंच विचारलं. अडीच महिन्यांनी हॅट परत गेली, पोस्टेजचे पैसे माझे. त्यापेक्षा गुरुवारी हैदराबाद, नाहीतर रविवारी पुण्याचा जुना बाजार, पोहे खाऊन परत.

रविवारी काहीच करू नका. पट्ट्याचा आतून, मागच्या शिवणीजवळचा फोटो टाका, आणि टेपनं आत्ताचा घेर लिहा, मग सांगतो पट्टा वाचतोय का. माझी ती तपकिरी हॅट अजून 55 चीच आहे, पट्टा काढून टाकलाय, खुंटीला आहे. आणि हो, इडलीपात्र घरात विचारल्याशिवाय घेऊ नका. पाऱ्याचं वाचल्यावर आमचं बायकोनं थेट भंगारात दिलं. हॅट पडली चारशेला, नवीन पात्र पंधराशेला.