खेळणं थांबलं, आता शिकवायचंय

या वेळची बहुतेक पत्रं नुकताच खेळ सोडलेल्यांची आहेत. त्यातली चार घेतो.

प्रश्न : पेठेच्या संघातून दहा वर्षं फुटबॉल खेळलो. गुडघ्याचं लिगामेंट गेलं. आता बारा वर्षांखालची पोरं शिकवायचं म्हणतोय. शाहू स्टेडियमवर सगळे ओळखतात, तरी सर्टिफिकेट लागतंच का? (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

लागतं. ओळखीवर पहिल्या महिन्यात पोरं येतील, पण टिकणार नाहीत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं ‘डी’ लायसन्स ही पहिली पायरी, मग ‘सी’, पुढं ‘बी’ आणि ‘ए’. बारक्या पोरांना अकरास अकरा खेळवलं, तर निम्म्यांच्या पायाला चेंडू लागतच नाही. मैदान लहान करा, चारास चार खेळवा. आणि राग मानू नका, पेठांची ईर्षा गॅलरीतच ठेवून या. दहा वर्षांच्या पोरावर फायनल असल्यागत ओरडणारे मी बघितलेत.

प्रश्न : राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत कुस्ती केली. आता तालमीत पोरं घेतो. दहादा दाखवूनही ढाक हा डाव जमत नाही. मग डोकं फिरतं, हात उठतो. (कागल)

माझंही हेच झालं होतं. कुस्ती सोडली त्या वर्षी ढाक शिकवायला उभा राहिलो. पोराला धरलं, मारली, पोरगं चितपट. ‘कळलं का?’ ‘हो वस्ताद.’ काय कळणार, कपाळ! माझी कंबर कधी आत घुसली, हे मलाच सांगता येईना. डाव अंगात मुरला होता, तोंडात कधी आलाच नव्हता.

मग महिनाभर पोरांशी कुस्ती धरलीच नाही. दोघांची जोड लावायची, आपण कडेला बसायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बघायची. आधी फक्त हाताची पकड. ती घट्ट झाली की कंबर. तोवर टांगेचं नाव काढायचं नाही. जड गेलं, हात शिवशिवायचे. (खुराक मात्र जुनाच चालू होता, त्यामुळं पोट सुटलं ते वेगळंच.)

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक घेतलं. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या नेमबाज. पण स्पर्धेत शिष्याच्या हातातली रायफल घेऊन नेम धरता येत नाही. जे द्यायचं ते आधीच, आणि त्याला उमजेल अशा शब्दांत द्यावं लागतं. तुम्हालाही आता तेच शिकायचंय.

आणि हात उचलणं आजपासून बंद. ‘वस्तादाचा मार म्हणजे प्रसाद’ हे मीही ऐकलंय, मारही खाल्लाय. मार खाल्लेलं पोर डावाकडं बघत नाही, तुमच्या हाताकडं बघतं.

प्रश्न : बी.पी.एड. करू की पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षकाचा डिप्लोमा? (इचलकरंजी)

शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर बी.पी.एड., एका खेळाचा प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळा. वर्षभर घर सोडणं जमत नसेल, तर त्यांचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आधी करा.

प्रश्न : चौदा वर्षांच्या मल्लाचे वडील म्हणतात, ‘दोन किलो उतरवा, खालच्या गटात पदक हमखास.’ मी नवीन आहे, नाही कसं म्हणू? (गडहिंग्लज)

नवीन आहात तोवरच म्हणा, नंतर जड जातं. वाढत्या वयाच्या पोराचं पाणी तोडून वजन उतरवलं, की मॅटवर पायात गोळे येतात, चक्कर येते, आणि बाप विचारतो, ‘तयारी कमी पडली का?’ त्यापेक्षा वरच्या गटात खेळू दे, हरला तर हरू दे.

बापाशी वाद घालू नका, त्याला वही दाखवा. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक पोराची उंची आणि वजन लिहायचं. उंची भराभर वाढतेय हे आकड्यात दिसलं, की वजन का वाढतंय ते वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या तालमीत ही वही दाराशीच टांगलेली असते. पोराला सोडायला आलेले बाप चपला काढायच्या आधी तीच चाळतात.