आधी एसएसबी, मग जर्मनी

तुझा मेल दोनदा वाचला. मेकॅनिकलचं तिसरं वर्ष, एनसीसीची 'सी' सर्टिफिकेट परीक्षा तोंडावर, ऑफिसर व्हायचंय, पण जर्मनीत एमएसही करायचंय. मित्राने सांगितलंय की अमेरिकेत आरओटीसी नावाची स्कीम आहे, शिक्षण फुकट आणि वर ऑफिसरची नोकरी. आणि घरच्यांचं म्हणणं, आधी परदेशातली डिग्री घेऊन ये, आर्मीचं नंतर बघू. नऊ वर्षं इकडे जर्मनीत राहतोय आणि त्याआधी एसएसबीच्या, म्हणजे ऑफिसर निवडणाऱ्या पाच दिवसांच्या मुलाखतीच्या, दोन फेऱ्या करून आलोय, त्यामुळे या दोन्ही वाटांचे खाचखळगे मला ठाऊक आहेत.

आधी घरच्यांचा मुद्दा घेतो, कारण माझ्याही घरचे अगदी हेच म्हणाले होते आणि मी ऐकलं होतं.

बीई झालो, वर्षभर नोकरी केली. त्या काळात दोनदा एसएसबीला गेलो. पहिल्यांदा पाचही दिवस टिकलो आणि कॉन्फरन्सनंतर निवडलेल्यांचे चेस्ट नंबर पुकारले त्यात माझा नव्हता. दुसऱ्यांदा पहिल्याच दिवशी दुपारी स्क्रीन आउट, संध्याकाळच्या गाडीत. मग मनाशी म्हटलं, एमएस करून एसएससी टेकला, म्हणजे इंजिनिअरांसाठीच्या शॉर्ट सर्व्हिस कमिशनला, अर्ज करू, तिथे २७ पर्यंत वय चालतं. हिशोब बरोबर होता. फक्त इकडचं दोन वर्षांचं एमएस दोन वर्षांत संपत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांचा थिसिस दहा महिने चालला. एका रात्री हॉस्टेलच्या किचनमध्ये नोटिफिकेशनची पीडीएफ उघडून बसलो होतो. कोर्स सुरू होण्याच्या तारखेला वय मोजतात. तीन-तीनदा बोटं मोजली. तीन आठवड्यांनी बाद. गॅसवरचा भात करपला तेव्हा भानावर आलो.

म्हणून तुला एकच सांगणं आहे: आर्मीला वयाची मर्यादा आहे, विद्यापीठाला नाही. बाकीचं सगळं यावरून ठरव.

आता तुझ्यासमोर नेमके कोणते दरवाजे आहेत ते बघ. सीडीएस, म्हणजे सैन्यात ऑफिसर होण्यासाठीची लेखी परीक्षा, यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. त्यातून डेहराडूनच्या आयएमए या लष्करी अकादमीसाठी वय १९ ते २४, चेन्नईच्या ओटीए या प्रशिक्षण अकादमीसाठी १९ ते २५. आयएमएला इंग्रजी, सामान्यज्ञान आणि गणित असे तीन पेपर. ओटीएला गणित नाही. शेवटच्या वर्षाला असताना फॉर्म भरता येतो. दुसरा दरवाजा एनसीसी स्पेशल एंट्री. 'सी' सर्टिफिकेटला किमान 'बी' ग्रेड आणि डिग्रीला एकूण ५० टक्के असतील तर लेखी परीक्षाच नाही, थेट एसएसबीचं बोलावणं येतं. वय इथेही १९ ते २५. जागा शंभरच्या आत असतात, त्यामुळे मार्कांवर शॉर्टलिस्ट होतं, हे लक्षात ठेव. तिसरा, इंजिनिअर म्हणून: एसएससी टेक आणि टीजीसी (टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स), दोन्हींना २० ते २७. लेखी परीक्षा नाही, पण इंजिनिअरिंगच्या मार्कांचा कटऑफ लागतो. पाचव्या-सहाव्या सेमला केटी लागली तर इथे फटका बसतो.

म्हणजे एमएस आधी केलंस तर काय होईल? तू साधारण २२ व्या वर्षी बीई होशील. इकडची ॲडमिशन, एपीएस (आपल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं प्रमाणपत्र), व्हिसा यात सहा महिने ते वर्ष सहज जातं. एमएस संपेपर्यंत पंचविशी उलटलेली असेल. सीडीएस बंद, एनसीसी एंट्री बंद, म्हणजे ज्या सर्टिफिकेटसाठी तीन वर्षं पहाटे ग्राउंडवर उभा राहिलास ते या कामापुरतं कागद. उरलं फक्त टेक आणि टीजीसी. तेही थिसिस वेळेत संपला तर.

आणि कर्ज. हे कुणी बोलत नाही. जर्मन व्हिसासाठी ब्लॉक अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे रुपयांत बारा लाखांच्या घरात. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नसते, तरी बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून फी लावली आहे. जेंटलमन कॅडेटला ट्रेनिंगमध्ये महिना ५६,१०० रुपये स्टायपेंड मिळतो. तो एकट्या माणसाला भरपूर आहे. पण त्यातून शैक्षणिक कर्जाचा हप्ता भरायचा म्हटलं की घरचे दुसऱ्याच महिन्यात विचारायला लागतात, तिकडे चांगली नोकरी मिळत होती ना?

आता तुझ्या मित्राची आरओटीसी. स्कीम खरी आहे, १९१६ पासून चालू आहे. कॉलेज शिकता शिकता लष्करी प्रशिक्षण घ्यायचं, स्कॉलरशिप मिळाली तर फी सरकार भरतं, आणि पदवीनंतर कमिशन, म्हणजे ऑफिसरची नेमणूक, घेऊन काही वर्षं सेवा द्यायची. आपल्या एनसीसीचा मोठा भाऊ म्हण, फरक एवढाच की शेवटी ऑफिसर होता येतं. पण स्कॉलरशिपचा करार आणि कमिशन दोन्हींसाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. तू एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाशील. ग्रीन कार्डवाल्याला शिपाई म्हणून भरती होता येतं, ऑफिसर नाही. मग तुझ्या मित्राने हे कुठून आणलं? बहुधा त्याच्या डोक्यात 'मावनी' नावाच्या जुन्या योजनेचीही सरमिसळ झालीय. काही भाषा येणाऱ्या आणि वैद्यकीय क्षेत्रातल्या, कायदेशीर व्हिसावरच्या परदेशी लोकांना त्यातून अमेरिकन सैन्यात घ्यायचे. २०१६ मध्ये ती थांबली. फॉरवर्ड मात्र अजून फिरताहेत.

इतर देशांचं थोडक्यात. जर्मन सैन्यात सैनिक व्हायला जर्मन नागरिकत्व लागतं. कॅनडाने नोव्हेंबर २०२२ पासून पर्मनंट रेसिडेंटना दार उघडलं, पण आधी पीआर मिळवायचा. ब्रिटिश आर्मीत राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना अर्ज करता येतो, सँडहर्स्टचा ऑफिसर घडवणारा कोर्स ४४ आठवड्यांचा आहे, पण सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी तिथलं वास्तव्य बघतात. तू मेलमध्ये आजोबांच्या १९७१ च्या लढाईतल्या फोटोबद्दल दोन परिच्छेद लिहिलेस. ते वाचल्यावर तुला दुसऱ्या देशाच्या नावाने शपथ घ्यायचीय असं मला तरी वाटलं नाही, म्हणून याच्यात जास्त शिरत नाही.

नागरिकत्वाचं मात्र नीट समजून घे. परदेशात शिकल्याने किंवा नोकरी केल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही. पण तिकडचा पासपोर्ट घेतलास की ते आपोआप संपतं. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला परवानगी दिली म्हणून इकडे पुष्कळ जण खुश झाले. भारत देत नाही, त्यामुळे आपल्याला त्याचा उपयोग नाही. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) जमीनजुमल्याचे काही व्यवहार होतील, सरकारी नोकरी मिळणार नाही. मी अजून भारतीय पासपोर्टवर आहे. दरवर्षी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाताना विचार बदलतो आणि बाहेर आल्यावर पुन्हा पूर्वीसारखा होतो, ते असो.

मी तुझ्या जागी असतो तर असं केलं असतं. शेवटच्या वर्षात दोन्ही सीडीएस, एनसीसी एंट्री आणि टेक, सगळीकडे अर्ज. 'सी' सर्टिफिकेट हातात आलं की नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीचा कोर्स कर. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचा आहे, महाराष्ट्रातल्या मुलांसाठी मोफत आहे, राहणं-जेवणासकट. मी तो केला नाही, कारण मला वाटलं आपल्याला बोलता येतं. एसएसबीच्या पहिल्या दिवशी पीपीडीटी नावाच्या चाचणीत तीस सेकंद एक धूसर चित्र दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग चौदा-पंधरा जणांच्या घोळक्यात ती मांडायची. सगळे एकदम बोलतात. दुसऱ्या वेळी मी त्या मासळीबाजारात आवाज चढवला आणि तिथेच माझा दिवस संपला. ही गोष्ट पुस्तक वाचून येत नाही, चार वेळा त्या घोळक्यात बसून येते. शिवाय रोज पळ. २.४ किलोमीटर साडेदहा मिनिटांत जमायला हवं.

एक बारीक सूचना. कॉलेजचं एक्सचेंज सेमिस्टर आहे म्हणालास, चार महिने परदेशात. जायला हरकत नाही, पण शेवटच्या वर्षात नको. क्रेडिट ट्रान्सफर होऊन मार्कशीट यायला वेळ लागतो, आणि आर्मी पास झाल्याचा पुरावा ठरलेल्या तारखेला मागते. सहाव्या सेमला जमलं तर जा. परदेश पाहायची हौस एनसीसीतूनही भागते: आरडीसीला, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या शिबिराला, दिल्लीला पोचलास तर युथ एक्सचेंजसाठी निवड होऊ शकते.

आणि तिकडे गेलास तर टॅटू काढू नकोस. हसू नकोस, माझ्या ओळखीतला एक जण बर्लिनमध्ये मानेवर काढून आला. आर्मीत कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला, एवढ्याच जागी कायमचा टॅटू चालतो.

या काळात एमएसची तयारी बंद ठेवायची गरज नाही. जर्मन भाषा ए-२ पातळीपर्यंत शीक, एपीएस काढून ठेव, ते भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचं आहे. ॲडमिशन मिळाली आणि एसएसबीही निघाली तर ॲडमिशन सोड, पुन्हा अर्ज करता येतो. उलट करू नकोस. मात्र ट्रेनिंगला रुजू होताना मन पक्कं असू दे. स्वतःहून सोडलंस तर प्रशिक्षणाचा खर्च वसूल करतात.

आणि निवड झाली तर परदेशी शिक्षणाचं दार बंद होतं असंही नाही. शॉर्ट सर्व्हिस दहा वर्षांची, हवी तर चार वर्षं वाढते. इथे माझ्या ओळखीचे एक मेजर आहेत, दहा वर्षांनी बाहेर पडून चौतिसाव्या वर्षी एमबीएला आले. वर्गात सगळ्यात मोठे तेच होते, आणि ग्रुप प्रोजेक्ट अडला की सगळी पोरं त्यांच्याच टेबलाभोवती.

चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षापर्यंत चार-पाच एसएसबी होऊनही जमलं नाही, तर तेव्हा निवांत इकडे ये. राहायला माझा सोफा आहे.

आता मला दोन गोष्टी पाठव: दहावीच्या सर्टिफिकेटवरची जन्मतारीख, कारण यूपीएससी तीच धरते, आणि आतापर्यंतच्या सगळ्या सेमचे मार्क. कुठली एंट्री कुठल्या महिन्यापर्यंत तुला उघडी आहे ते रविवारी एका कागदावर मांडून देतो. तो कागद घरच्यांसमोर ठेव.