मायनिंगचा डिप्लोमा झाल्यावर कोळसा खाणीत उतरायचं आहे. आधी काय माहीत असावं?

तुम्ही लिहिलंय की डिप्लोमाचं शेवटचं वर्ष सुरू आहे, घर वणीजवळ आहे आणि वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत) किंवा एखाद्या खासगी खाणीत लागायचा विचार आहे. पगाराबद्दल इतरांनी लिहिलंच आहे, मी कामाबद्दल सांगतो.

डिप्लोमा हातात आला म्हणजे खाणीत जबाबदारीचं पद मिळालं असं होत नाही. कोल माइन्स रेग्युलेशन्स 2017 प्रमाणे सरदार (एका भागातल्या कामावर देखरेख करणारा), ओव्हरमन (त्याच्या वरचा पर्यवेक्षक), सर्व्हेअर, मॅनेजर ही पदं डीजीएमएसचं (खाण सुरक्षा महासंचालनालयाचं) सर्टिफिकेट असलेल्यालाच देता येतात. डिप्लोमावाल्याची नेहमीची वाट ओव्हरमनची: एक वर्ष पीडीपीटी (डिप्लोमानंतरचं खाणीतलं प्रत्यक्ष प्रशिक्षण), गॅस टेस्टिंग आणि फर्स्ट एडची सर्टिफिकेटं, मग परीक्षा. सर्टिफिकेट दोन प्रकारचं मिळतं. ‘रिस्ट्रिक्टेड’ असेल तर फक्त ओपनकास्टमध्ये (उघड्या खाणीत) चालतं, अंडरग्राउंडमध्ये नाही. त्यामुळे पीडीपीटीसाठी खाण निवडताना तिथे अंडरग्राउंडचा अनुभव मिळतो का, आणि तो मॅनेजरच्या सहीच्या दाखल्यावर स्पष्ट लिहून येईल का, हे आधी विचारा. घराजवळची ओपनकास्ट सोपी वाटते म्हणून बरेच जण तिकडे जातात आणि पुढे अंडरग्राउंडच्या जागा निघाल्या की अडकतात. कोळशाचं सर्टिफिकेट मँगनीजच्या खाणीत आपोआप चालत नाही हेही लक्षात घ्या. मॉइलसारख्या धातूच्या खाणींचे नियम आणि परीक्षा वेगळ्या.

पीडीपीटीचं वर्ष ऑफिसात बसून नकाशे रंगवण्यात घालवू नका. कोणी ‘हजेरी लावून देतो, खाली जायची गरज नाही’ म्हणालं तर ती मेहेरबानी समजू नका. उद्या सरदार किंवा ओव्हरमन म्हणून तुम्ही सही कराल, तेव्हा त्या सहीवर विसंबून माणसं छताखाली जातील. शिफ्टचं काम सुरू होण्याआधीच्या दोन तासांत छत, बाजू, हवा आणि गॅस तपासून रिपोर्ट लिहायचा असतो. न पाहता लिहिलेला रिपोर्ट हा कायद्याने गुन्हा आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यात कुणाचा तरी जीव असतो.

अंडरग्राउंडमध्ये सगळ्यात आधी छत शिका. धोका सगळीकडे सारखा नसतो. नुकतं ब्लास्टिंग झालेला फेस (जिथून कोळसा काढतात ती पुढची भिंत) आणि त्याच्या मागचे आठ-दहा मीटर, जिथे छत नव्याने उघडं पडलंय आणि सपोर्ट लागायचाय, तिथे तो सर्वांत जास्त. सपोर्ट असलेल्या छताखाली उभं राहायचं, मागे सरकायची वाट मोकळी ठेवायची आणि लांब सब्बलीने पुढचं छत ठोकायचं. घट्ट छत टणटणतं, सुटलेलं ढबढब वाजतं. पण सुटलेला थर जाड असेल तर आवाज फसवतो. म्हणून हात पोचत असेल तिथे एका हाताची बोटं छताला टेकवून दुसऱ्या हाताने ठोका. आवाज चांगला येऊनही बोटांना थरथर जाणवली तर वरचा थर सुटलाय असं समजा. छत धरून ठेवणाऱ्या बोल्टचंही तसंच. रेझिन (चिकटवणारं रसायन) लावून बोल्ट बसवताना कमी फिरवला तर रेझिन नीट मिसळत नाही; सेट होऊ लागल्यावरही फिरवत राहिलं तर धरलेली पकड तुटते. भोक मोठं पडलं तर रेझिनच्या कॅप्सूलचं प्लास्टिक बोल्टभोवती गुंडाळून राहतं. खालून बोल्टच्या सगळ्या प्लेटा सारख्याच दिसतात, कोणता बोल्ट धरतोय ते पुल टेस्टमध्येच (बोल्ट ओढून पाहण्याच्या चाचणीत) कळतं. ती टेस्ट होताना शेजारी उभे राहा, आकडा स्वतः वाचा.

हवेचे काही आकडे झोपेतही आठवले पाहिजेत. ऑक्सिजन 19 टक्क्यांच्या खाली नको, कार्बन डायऑक्साइड 0.5 टक्क्याच्या वर नको, कार्बन मोनॉक्साइड 50 पीपीएमच्या वर नको. मिथेन साधारण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान स्फोटक असतो, पण 1.25 टक्क्यालाच वीज बंद आणि माणसं बाहेर. मिथेन हलका, म्हणून छताजवळ आणि वरच्या खाचांत मोजायचा. कार्बन डायऑक्साइड जड, तो खाली साचतो. ‘आपली खाण डिग्री वन आहे, गॅस नाही’ हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. डिग्री वन म्हणजे गॅस कमी, गॅस नाही असं नव्हे. पंखा काही वेळ बंद राहिला की बंद टोकाच्या गॅलरीत तोच गॅस साचत जातो. शिवाय वर्धा खोऱ्यातला कोळसा आपोआप तापतो. सोडलेल्या जागेतून येणाऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड दिवसागणिक वाढत असेल, तर मर्यादा ओलांडायची वाट न पाहता वर कळवायचं.

कमरेला सेल्फ-रेस्क्यूअर (विषारी हवेतून बाहेर पडताना तोंडात धरायचं श्वासाचं उपकरण) मिळेल. फिल्टरचा असेल तर तो ऑक्सिजन देत नाही, फक्त कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर करतो, आणि त्यात उष्णता निर्माण होते. हवा जितकी विषारी तितका श्वास गरम लागतो. बिघडलाय असं वाटून तोंडातून काढावासा वाटतो, आणि नेमकी तीच चूक जिवावर बेतते. गरम होतोय म्हणजे तो काम करतोय. व्हीटीसीच्या (खाण कामगारांच्या प्रशिक्षण केंद्राच्या) ट्रेनिंगमध्ये तो खरंच तोंडात धरून चालायचा सराव मागून घ्या.

पाण्याबद्दल एकच सांगतो. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत जुन्या कामातलं साठलेलं पाणी फुटून आत आलं आणि 375 माणसं गेली. जुन्या कामांपासून 60 मीटरच्या आत जाताना परवानगी आणि पुढे बोअर मारून पाहणं सक्तीचं आहे ते याचसाठी. तुमच्या भागात जुनी कामं कुठवर आहेत ते नकाशावर स्वतः पाहा. सर्व्हेअर चिडला तरी विचारा.

ओपनकास्टमध्ये छत नसतं, पण डंपर असतो. शंभर टनी डंपरच्या ऑपरेटरला समोर आणि उजव्या बाजूला जवळ उभा माणूस, प्रसंगी अख्खी जीपही दिसत नाही. तुम्हाला तो दिसतोय म्हणजे त्याला तुम्ही दिसता असं धरू नका. ऑपरेटरशी नजरानजर होऊन त्याने हात दाखवल्याशिवाय जवळ जायचं नाही, गाडी त्याच्या पुढे-मागे लावायची नाही. ब्लास्टिंगच्या वेळी डेंजर झोन 500 मीटरचा. मिसफायर झालेल्या (स्फोटक न उडालेल्या) भोकात पुन्हा ड्रिल घालायचं नाही. निदान 30 सेंटिमीटर सोडून समांतर नवं भोक घ्यायचं.

मुलींसाठी: 2019 च्या अधिसूचनेने तांत्रिक आणि देखरेखीच्या पदांवर अंडरग्राउंडमध्ये सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेत काम करायची वाट मोकळी झाली. बहीण किंवा मैत्रीण विचारत असेल तर हे सांगा.

कोळशावरची माती काढायचं काम बऱ्याच ठिकाणी कंत्राटदाराकडे असतं, आणि पहिली नोकरी तिथेच मिळण्याची शक्यता जास्त. रुजू होण्याआधी मेडिकल झालं का, व्हीटीसी झालं का, बी रजिस्टरमध्ये (खाणीच्या कामगार नोंदवहीत) नाव चढलं का, सीएमपीएफ (कोळसा कामगारांचा भविष्य निर्वाह निधी) कापला जातोय का, हे पाहा. नाव रजिस्टरवर नसेल तर अपघातानंतर तुम्ही तिथे कामाला होता हे सिद्ध करायला घरचे फिरत बसतात. पहिल्या मेडिकलच्या छातीच्या एक्स-रेची आणि कानाच्या तपासणीची प्रत घरी जपून ठेवा. पुढे धुळीने फुप्फुस किंवा आवाजाने कान गेला तर तुलना त्याच्याशीच होते.

आणि ‘वेकोलित लावून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. भरती जाहिरातीने होते, जमीन गेलेल्यांना मिळणारी नोकरी सातबाऱ्यावरून ठरते. या दोन्हींत दलालाला जागाच नाही.