बॉल सुटला की मुलगा थांबतो

“मॅडम, सरावात बॉल याच्या पायाला चिकटलेला असतो. मॅचमध्ये सुटतोच. याचं लक्षच नसतं!” नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वडिलांनी बसायच्या आधीच तक्रार मांडली. मुलगा अकरावीतला, फुटबॉलमध्ये मिडफिल्डर. यंदा रग्बीही खेळू लागलेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

खेळाडूंच्या पालकांकडून हे मी वरचेवर ऐकते. बहुतेकदा लक्ष कमी नसतं, नको तिथे जास्त असतं.

मुलाला एकट्याला विचारलं, “बॉल येताना मनात काय असतं?”

“पाय. आतल्या बाजूने घेऊ की बाहेरच्या? आणि बाबा ओरडत असतात, पायाकडे बघ!”

मानसशास्त्रज्ञ सियान बेलॉक आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फुटबॉलपटूंना ड्रिबल करताना, म्हणजे पायाने बॉल पुढे नेताना, पायाच्या कुठल्या बाजूचा स्पर्श झाला हे सांगायला लावलं होतं. अनुभवी खेळाडूंचा सवयीच्या पायाने चाललेला खेळ त्याने मंदावला. नवख्यांना मात्र त्याच सूचनेचा फायदा झाला. म्हणजे बाबांची सूचना चुकीची नव्हती, पाच-सहा वर्षं शिळी होती.

रग्बीत त्याची गोष्ट उलटी. तिथे टॅकल करायला, म्हणजे धरून पाडायला, येणाऱ्याकडे बघण्याच्या नादात पास हातात यायच्या आधीच नजर हटायची. ते कोचने सांगून सुधारण्यासारखं होतं. मला नवल वाटलं ते वेगळंच: रग्बीतली चूक तो घरी आणत नसे. तिथे हातातून बॉल पुढे पडला की नॉक-ऑन. बहुधा शिट्टी वाजते आणि समोरच्यांना स्क्रम मिळतो, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांना रेटत खेळ पुन्हा सुरू करतात आणि बॉल समोरचे आत टाकतात. हिशेब तिथल्या तिथे चुकता. फुटबॉलमध्ये बॉल गमावल्याची शिट्टीच नसते. मग हा स्वतःच थांबायचा, डोक्याला हात लावून. तोवर समोरचे तीन पास पुढे गेलेले. संघाचं खरं नुकसान त्या क्षणांत होत होतं.

म्हणून ठरवलं: बॉल सुटला की विचार न करता पहिली तीन पावलं बॉलच्या मागे. सकाळी गोल्फ क्लब मैदानावर मित्राने मुद्दाम बॉल हिसकवायचा आणि याने तेवढंच घोटायचं. वडिलांनी मॅचमध्ये चुका मोजायच्या नाहीत, तो किती वेळा मागे धावला तेवढंच कागदावर मांडायचं. “आणि हरले तर?” ते कुरकुरलेच.

एक मात्र पालकांनी ध्यानात ठेवावं. डोकं आपटल्यानंतर बॉलचा अंदाज चुकू लागला, गरगरतंय, डोकं दुखतंय असं मूल म्हणालं, तर समुपदेशकाकडे नको. मैदान बंद आणि आधी डॉक्टर.

या मुलाच्या पायातून बॉल अजूनही सुटतो. वडील रेघा मारतात. परवा सांगत होते, “मॅडम, लिहिण्याच्या नादात ओरडायचं राहूनच जातं.”