‘गेला’ आणि ‘येते’

बाळा,

काल फोनवर आजीला तू शाळेत वाचलेली जेम्स जॉइसची ‘द डेड’ सांगत होतीस. ‘मग तो मायकेल मेला’ म्हणालीस आणि आजीने लगेच अडवलं, ‘गेला म्हण गं.’ नंतर मला विचारलंस, मेला तर मेला का नाही म्हणायचं? आणि तू कामावर जाताना ‘येते’ का म्हणतेस? झोपेत काहीतरी उत्तर दिलं, म्हणून आता लिहितेय.

दोन्ही प्रश्न एकच आहेत. ‘मेला’ आपण किडामुंगीला म्हणतो, नाहीतर शिवी म्हणून. आपलं माणूस ‘जातं’. जाणं हा शब्द असा मरणाला दिलेला, म्हणून उंबऱ्यावर तो तोंडी नको वाटतो. मी पहिल्यांदा परदेशी निघाले तेव्हा आजीने हातावर दही घातलं. घाईत मी ‘जाते’ म्हणाले. तिने मनगट सोडलं नाही. दही बोटांतून गळायला लागलं. ‘येते’ म्हटलं, तेव्हा सोडलं.

आता तुझी गोष्ट बघ. जिन्यात ऐकलेल्या एका जुन्या गाण्याने ग्रेटाला मायकेल आठवतो. आयर्लंडमधल्या गॅल्वेचा, १७ वर्षांचा, आजारी. ती डब्लिनच्या कॉन्व्हेंटला निघायच्या आदल्या रात्री तो भर पावसात येऊन खिडकीवर खडे मारतो. ती तशीच मागच्या बाजूने बागेत धावते. तो भिंतीच्या टोकाशी कुडकुडत उभा. ती विनवते, घरी जा, मरशील अशाने. तो म्हणतो, मला जगायचंच नाही. हे ऐकून तिचा नवरा गॅब्रिएल विचारतो, मग गेला का तो घरी? हो, गेला. आणि ती कॉन्व्हेंटमध्ये येऊन आठवडा होतो न होतो तोच तो गेला. इंग्रजीत तिथे दोन निराळी क्रियापदं आहेत. आजीच्या मराठीत एकच. मला तर ते वाचताना काटा आला.

ही प्रेमाची गोष्ट की मरणाची, असं तुमच्या बाईंनी विचारलंय ना? तो मुलगा गाण्यातून परत येतो, आणि शेजारी बसलेला गॅब्रिएलच तिच्यापासून दूर पडतो. आधी तो जळतो, टोचून विचारतो, कोण होता तो? गॅसच्या कारखान्यात होता, ती साधेपणाने सांगते, आणि तो ओशाळतो. पुष्कळजण याला त्याची हार म्हणतात. मला पटत नाही. ती रडून रडून झोपते. तो तिला उठवत नाही. हळूच शेजारी आडवा होतो आणि पावसातल्या त्या पोरासाठी त्याचे डोळे भरून येतात. बायकोवरचं त्याचं खरं प्रेम मला तिथे सुरू होताना दिसतं. बाईंना हेच सांग असं नाही, तुझं तू ठरव.

रविवारी आजीला उरलेली गोष्ट सांग. गोष्टीच्या शेवटी पडणारा बर्फ मात्र इंग्रजीतच वाचून दाखव, सावकाश. मी दोनदा मराठीत करून पाहिला, तसा पडत नाही.

तुझी,
आई